चिमटीत येणारी चरबी आणि न येणारी

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. दुसऱ्या बाळंतपणाला दोन वर्षं झाली, पोट काही आत जात नाही, आणि एका क्लिनिकमध्ये तिला सांगितलंय की तीन तासांत आठ किलो चरबी काढून देतो. "ताई, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. टाकेसुद्धा नावापुरते. आणि चरबी गेली की शुगरपण आटोक्यात येते म्हणे." पॅकेजवरची सूट महिनाअखेरीपर्यंतच होती.

तिचं ऐकताना मला मे २०२२ मधली बेंगळुरूची बातमी आठवली. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक कन्नड मालिका-अभिनेत्री दगावली होती. वय अवघं २१. त्या वेळी सगळीकडे 'चांगली सडपातळ होती, कशाला करायचं होतं' एवढीच चर्चा झाली. पण हे ऑपरेशन नेमकं आहे काय, त्यात काय निघतं आणि काय निघत नाही, हे फारसं कुणी सांगितलं नाही. बहिणीसाठी मी जे समजून घेतलं, ते इथे मांडते.

आधी चरबीचा पत्ता

आपण 'पोटावरची चरबी' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो.

एक चरबी कातडीच्या लगेच खाली असते. अंगावर गोधडी घ्यावी तशी ती सगळ्या शरीरावर पसरलेली असते, कुठे पातळ, कुठे जाड. कंबरेचे टायर, मांड्या, दंड, हनुवटीखालची लोळी ही सगळी तीच. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ती पकडता येते.

दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आत असते. आतड्यांवर पडद्यासारखी लोंबणारी, यकृताच्या आजूबाजूला साठलेली. ही चिमटीत येत नाही. एखाद्या काकांची ढेरी नगाऱ्यासारखी घट्ट आणि पुढे आलेली असते, पण चिमटा काढला तर वरची कातडी पातळच लागते. तिथे ऐवज भिंतीच्या आत भरलेला असतो.

पुढचं सगळं या एका भिंतीवर अवलंबून आहे. चरबी ओढून काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे लायपोसक्शन, फक्त भिंतीबाहेरच्या चरबीवर चालतं. आतल्या चरबीला ते हात लावत नाही आणि लावूही शकत नाही. नळी भिंत भेदून आत गेली तर आतड्याला भोक पडू शकतं, आणि तो या ऑपरेशनमधला सर्वांत भयंकर अपघातांपैकी एक आहे.

ऑपरेशन टेबलावर काय होतं

हे तंत्र सरळ वाटेने आलेलं नाही. १९२० च्या दशकात पॅरिसमधल्या शार्ल दुजारिए या सर्जनने एका तरुणीच्या पायाची चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. धारदार हत्याराने रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला आणि शेवटी तो कापावा लागला. त्या धसक्याने पुढची अनेक वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. १९७० च्या दशकात रोममधल्या फिशर पितापुत्रांनी नळीने चरबी ओढायला सुरुवात केली, आणि १९७७ च्या सुमारास पॅरिसच्याच इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरली. धारेपेक्षा बोथटपणा कामी आला. बोथट टोक मऊ चरबीतून वाट काढतं, आणि रक्तवाहिन्या, नसा बऱ्याच अंशी बाजूला सरकतात.

तरी रक्त फार जायचं. तो प्रश्न १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञांनी सोडवला. आज बहुतेक ठिकाणी त्यांचीच पद्धत किंवा तिचं एखादं रूप वापरतात. चरबी काढण्याआधी त्या भागात सलाइनचं पाणी भरायचं. त्या पाण्यात जागा बधिर करणारं लिडोकेन असतं आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनॅलिन. पोटाचा तो भाग टरटरून फुगतो, कातडी पांढुरकी पडते आणि रक्तस्राव एकदम कमी होतो. सुकून कडक झालेला तूप-डब्याचा तळ जसा गरम पाणी घातल्यावर सुटायला लागतो, तशी चरबीही या पाण्याने सैल होते.

मग काही मिलिमीटरच्या दोन-चार चिरा देतात, नळी आत घालतात, आणि ती मागेपुढे, मागेपुढे, शेकडो वेळा फिरते. पाहणाऱ्याला धक्का बसेल इतका तो जोरकस प्रकार असतो. नळीचं दुसरं टोक सक्शन मशीनच्या बरणीत. बरणीत वर पिवळा, लोण्यासारखा थर जमतो आणि खाली गुलाबी-लाल पाणी.

उशीतून कापूस काढायचा, पण खोळ न उसवता, एका बारीक भोकातून, असं हे काम आहे. कापूस सगळीकडून सारखा काढला तर उशी छान बारीक दिसते. एकाच जागी जास्त काढला तर खड्डा पडतो. आणि खोळ जुनी, सैल झालेली असेल तर कापूस कमी झाल्यावर ती लोंबते. म्हणून दोन बाळंतपणांनी किंवा मोठ्या वजनघटीने ज्यांची कातडी ताणली गेली आहे, त्यांचं पोट निव्वळ लायपोसक्शनने सपाट होत नाही. त्यांना जादाची कातडी कापून स्नायू शिवून घ्यावे लागतात. त्याला टमी टक म्हणतात. ते बरंच मोठं ऑपरेशन आहे आणि ओटीपोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण राहतो.

'सकाळी जा, संध्याकाळी घरी' हे खोटं नाही, पण अर्धंच सांगितलेलं असतं. पहिले एक-दोन दिवस त्या चिरांमधून गुलाबी पाणी झिरपत राहतं, गादीवर मेणकापड आणि टॉवेल अंथरावे लागतात. घट्ट इलॅस्टिकचा पट्टा साधारण महिना-दीड महिना जवळजवळ दिवसरात्र. अंग काळंनिळं पडतं, सूज इतकी असते की पहिल्या आठवड्यात पूर्वीचे कपडेही घट्ट होतात. खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. तिसऱ्या आठवड्यातल्या लग्नासाठी हे करून घ्यायला निघालेल्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

आठ किलो?

बरणीत जमलेलं सगळं चरबी नसतं, त्यात आधी भरलेलं पाणीही असतं. एका वेळी एकूण पाच लिटरपेक्षा जास्त ऐवज काढला तर ते 'मोठं' लायपोसक्शन मानलं जातं, आणि त्यासाठी रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहणं गरजेचं असतं. समजा बरणीत तीन लिटर निव्वळ चरबी आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी, लिटरला साधारण ९०० ग्रॅम. म्हणजे वजनात फरक पावणेतीन किलोचा.

म्हणून ज्याला वजन कमी करायचं आहे त्याच्यासाठी हे ऑपरेशनच नाही. चांगले सर्जन हे पहिल्या भेटीतच सांगतात. काट्यावर फरक थोडा, टेपवर जास्त. पॅन्टची मापं बदलतात, पण वजनाचा आकडा फारसा हलत नाही. तीन तासांत आठ किलो आणि संध्याकाळी घरी, असं जो एका दमात सांगतो, तो धोकादायक बोलतोय.

पण चरबी गेली म्हणजे शुगर-बीपी सुधारणारच ना?

ही शंका अगदी रास्त आहे, आणि तिचं उत्तर २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम्युअल क्लाइन यांच्या गटाने १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची चरबी काढली, प्रत्येकीची सरासरी नऊ-दहा किलो. (हे देखरेखीखालचं, मोठं लायपोसक्शन होतं.) त्यांच्यापैकी सात जणींना मधुमेह होता. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा तपासण्या झाल्या. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं होतं तिथेच होतं.

तेच दहा किलो जेवण आवरून आणि चालून घटवले असते तर या तपासण्यांत सुधारणा दिसण्याची चांगलीच शक्यता असते. फरक एवढाच की खाणं आवरल्यावर शरीर सगळीकडची चरबी वापरतं: यकृतातली, स्नायूंतली, आतड्यांभोवतीची. नळी फक्त गोधडी पातळ करते. घराच्या आत कोंबलेलं सामान तसंच राहतं, आणि रोगाचा संबंध मुख्यतः त्या आतल्या सामानाशी आहे.

आपल्या लोकांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण आपली शरीरं वरवर पाहून कळत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारीशेजारी काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. काटकुळे हातपाय आणि पोटात लपलेली चरबी ही भारतीय ठेवण याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. म्हणून आपल्याकडे कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात, मग वजनकाटा काहीही म्हणो.

पुरुषांच्या बाबतीत तर मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं. चाळिशीतल्या घट्ट ढेरीवर लायपोसक्शन म्हणजे चुकीच्या खोलीची झाडलोट. काढण्यासारखं बाहेर थोडंच असतं, आणि त्रास देणारं सगळं आत.

काढलेली चरबी परत येते का?

चरबीच्या पेशी म्हणजे साठवणीचे हंडे समजा. मोठेपणी आपल्या शरीरातल्या हंड्यांची संख्या साधारण ठरलेली असते. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं, तेही एका विलक्षण युक्तीने. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जादा किरणोत्सारी कार्बन मिसळला होता, आणि तो माणसांच्या पेशींतही उतरला. त्यावरून त्यांनी चरबीच्या पेशींचं वय काढलं. दर वर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि जवळपास तितक्याच नव्या बनतात. जाड होताना आणि बारीक होताना मुख्यतः हंड्यांतलं पाणी वरखाली होतं, हंडे तेवढेच राहतात.

लायपोसक्शन हंडेच उचलून नेतं. म्हणून क्लिनिकवाले 'कायमचं' हा शब्द वापरतात, आणि त्या जागेपुरता तो बराचसा बरोबर आहे. पण हंडे कमी केले म्हणून नळ बंद होत नाही. पाणी तेवढंच येत राहिलं तर उरलेल्या भांड्यांत भरतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात हेच दिसलं. मांड्या आणि खालच्या पोटावरची चरबी काढलेल्या स्त्रियांच्या शरीरात वर्षभरात एकूण चरबी पुन्हा पूर्वीइतकी झाली. मांड्या बारीकच राहिल्या, भर पडली ती मुख्यतः पोटाकडे.

मांडीवरची चरबी दिसायला नकोशी असेल, पण तब्येतीला ती फारशी जड नसते. तिथून उठून पोटात जाऊन बसलेली चरबी मात्र जड जाते. हा सौदा सही करण्याआधी माहीत असलेला बरा.

धोका किती, आणि तो नेमका कशात

अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनकडे विचारणा करून २००० मध्ये एक मोजणी प्रसिद्ध झाली. १९९४ ते १९९८ या काळातल्या जवळपास पाच लाख लायपोसक्शनमध्ये ९५ मृत्यू, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. त्यानंतर तंत्र सुधारलं, मर्यादा कडक झाल्या आणि काळजी घेतली तर धोका बराच कमी होतो. पण हा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण 'पार्लरमधल्या ट्रीटमेंटसारखंच' असं ऐकून माणसं जातात. आजार नसलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत टेबलावर जातो, तेव्हा पाच हजारांत एक हे लहान प्रमाण नाही.

त्या मृत्यूंमागचं सर्वांत मोठं कारण होतं पायात तयार झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकणं. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच रुग्णाला उठवून चालायला लावतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायचं असतं. चरबीचे बारीक थेंब रक्तात शिरून फुफ्फुसात पोचणं हा दुसरा प्रकार. आणि भरलेलं पाणी, काढलेला ऐवज, सलाइन यांचा हिशेब चुकला तर फुफ्फुसात पाणी साठतं.

लिडोकेनचं मला स्वतःला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. एरवी अ‍ॅड्रिनॅलिनसोबत ते किलोमागे सात मिलिग्रॅमपर्यंत देतात. जेफ्री क्लाइन यांच्या, आधी पाणी भरण्याच्या पद्धतीत किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, कारण ते चरबीत अडकून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. पण हळूहळू याचा अर्थ असा की रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण दहा-बारा तासांनी. सकाळी दहाचं ऑपरेशन असेल तर रात्री आठ-दहाला, म्हणजे रुग्ण घरी जेवून पडलेला असतो तेव्हा. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, जीभ जड, बोलणं अडखळणं अशी सुरुवात होते. अशा वेळी 'भूल उतरतेय' म्हणून थांबायचं नाही. धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ वाटला, एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तरीही रात्री किती वाजले ते न बघता थेट आयसीयू असलेलं रुग्णालय.

मग हे ऑपरेशन चांगलं कुणासाठी?

वजन बऱ्यापैकी आटोक्यात आणि काही महिने स्थिर आहे, कातडीत ताण आहे, आणि व्यायाम करूनही एखादी ठरावीक जागा हटत नाही, अशांना याचा खरंच फायदा होतो. त्यांना नटवे म्हणून हिणवण्याचं काही कारण नाही.

आणि कधी कधी तर हे नुसतं दिसण्यासाठी नसतंच. लिपिडिमा नावाच्या विकारात, जो जवळजवळ नेहमी स्त्रियांनाच होतो, पायांवर दुखरी चरबी साठते. ती उपाशी राहूनही जात नाही, हलका स्पर्शही सहन होत नाही. तिथे लायपोसक्शन हा उपचार आहे. मुलग्यांमध्ये छाती स्तनांसारखी वाढण्याचा प्रकार आपण समजतो त्याहून बराच जास्त आढळतो. अशी कितीतरी मुलं पोहायला जात नाहीत, टी-शर्टच्या आत घट्ट बनियन घालून उन्हाळे काढतात, आणि घरात एक शब्द बोलत नाहीत. पौगंडावस्थेत ते बहुतेकदा आपोआप ओसरतं. राहिलंच तर चरबी ओढून आणि गाठ काढून ते नीट करता येतं.

मशीन, थंडावा, इंजेक्शन

'ऑपरेशनच नको, गोठवून टाकू' असंही हल्ली सांगतात. लहान मुलांनी आइसकांडी गालात धरून ठेवली की कधी कधी गालाच्या आतली चरबी सुजून कमी होते, या जुन्या निरीक्षणातून ती युक्ती निघाली. थंडीने कातडीआधी चरबीच्या पेशी मरतात. परिणाम सौम्य असतो आणि काही जणांत उलटंच होतं, चरबी कडक होऊन वाढते. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये स्वतःबाबत हेच जाहीरपणे सांगितलं.

भूक कमी करणारी इंजेक्शनं, जशी २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलेलं माउंजारो, हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे. ती सगळ्या शरीराची चरबी घटवतात, आतलीसुद्धा. शुगर सुधारायची असेल तर चर्चा त्यांची, किंवा फार स्थूल असलेल्यांसाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेची व्हायला हवी. लायपोसक्शनशी त्यांची तुलनाच नाही.

कुणाच्या हातून आणि कुणाच्या पैशाने

'प्लास्टिक' सर्जरीतला प्लास्टिक म्हणजे घडवणं, आकार देणं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन आलं होतं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं होतं. युरोपात या विद्येला त्या वर्णनानेच नवी चालना मिळाली. गेलेलं नाक परत घडवणं आणि असलेली कंबर बारीक करणं यातला फरक आज सरकारही करतं. अपघात किंवा जन्मजात व्यंगासाठीच्या शस्त्रक्रियेला जीएसटी नाही, निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर १८ टक्के. आरोग्य विम्यातही सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेली असते. ऑपरेशननंतर काही बिघडलं आणि आयसीयूत राहावं लागलं, तर त्याचाही दावा अडकू शकतो. हे पॉलिसी काढून आधीच वाचायला हवं.

सर्जनच्या नावापुढे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी आहे का, राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद आहे का, हे तपासता येतं आणि विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का? किती लिटर काढणार? रात्री ठेवून घेणार का? काही झालं तर कुठे हलवणार? लेझर, व्हेझर अशा यंत्रांची नावं मोठी असतात, पण यंत्रापेक्षा या चार उत्तरांना मी जास्त महत्त्व देईन.

बहिणीला घेऊन मी दुसऱ्या एका सर्जनकडे गेले. त्यांनी तिला झोपवलं, पोटाची चिमटी धरून बघितली, दोन बोटांत जेमतेम आली. मग म्हणाले, डोकं उचला. तिने मान वर केली तशी पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, एक उभी फुगोटी आली. बाळंतपणात पोटाचे दोन्ही स्नायू एकमेकांपासून लांब गेले होते आणि परत जुळले नव्हते. "इथे माझ्या नळीला काढायला काही नाही," ते म्हणाले. त्यांनी फिजिओथेरपिस्टचं नाव दिलं आणि सोबत तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी करून घ्यायला सांगितलं. ती ६.१ टक्के आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बहीण सध्या रोज संध्याकाळी मुलाला कडेवर न घेता, चालवत बागेपर्यंत नेते, त्यामुळे दोघांनाही परतायला अंधार होतो.